दम कुठून येतो? साधे इंजिन, टर्बो आणि हट्ट्याचा रस्ता

१/
२९ एप्रिल १९९९ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या धुरासंबंधी एक आदेश दिला. दोनच दिवसांनी, १ मे १९९९ रोजी, परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा नवा जिल्हा झाला आणि वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव परभणीकडून हिंगोलीकडे गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. मात्र पुढील वीस वर्षांत हट्ट्याच्या रस्त्यावरील गाड्यांच्या इंजिनांत जो पालट झाला, त्याचे एक मोठे कारण दिल्लीतील त्या आदेशात सापडते. ही त्या पालटाची कथा आहे.

२/
मराठीत ‘दम’ म्हणजे श्वास आणि ‘दम’ म्हणजे ताकदही. चढावर माणसाला दम लागतो आणि चढ न ओढणाऱ्या गाडीत ‘दम नाही’ असे म्हटले जाते. इंजिनाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच आहेत. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे ११ किलो हवा लागते. आकारमानात मोजल्यास साधारण ९,००० लिटर. इंधन अधिक ओतणे सोपे असते. तेवढी हवा आत आणणे कठीण. इंजिनाची ताकद अखेरीस त्याच्या श्वासावर ठरते.

३/
श्वास घेण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत साधी. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. यालाच ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ इंजिन म्हणतात. येथे त्याला साधे इंजिन म्हणू. १.४ लिटरचे असे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला जास्तीत जास्त २,१०० लिटर हवा ओढते. त्यातही उंचीवर हवा विरळ होते. दर हजार मीटर चढाईमागे सुमारे एक दशांश ताकद जाते. मराठवाड्यातील मे महिन्याची बेचाळीस अंशांची हवाही विरळच. तिच्यामुळे आणखी थोडी ताकद घटते.

४/
दुसरी पद्धत टर्बोची. इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून उष्णतेच्या रूपाने वाया जाते. टर्बोमध्ये या तप्त वायूंच्या वाटेत एक छोटे पंख्याचे चाक बसवलेले असते. वायूंच्या झोताने ते फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबल्याने हवा तापते आणि तापलेली हवा पुन्हा फुगते. म्हणून तिला इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून आत सोडतात.

५/
ही कल्पना बरीच जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या उष्णतेचे काय करावे, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर कागदावर तयार होते. पण ती उष्णता आणि तो वेग सोसणारा धातू तेव्हा उपलब्ध नव्हता. कल्पना आणि तिला पेलणारे पोलाद यांच्यामध्ये वीस वर्षे गेली.

६/
पहिली खरी निकड आकाशात निर्माण झाली. पहिल्या महायुद्धातील विमाने जितकी उंच जात, तितकी त्यांची इंजिने धापा टाकू लागत. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने एक ‘लिबर्टी’ विमान-इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर सुमारे २३० वर उतरले. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ अश्वशक्ती दिली. डोंगरावर हरवलेला श्वास यंत्राने परत मिळवला होता.

७/
त्यानंतर टर्बो जहाजात गेला. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ब्यूखीची पद्धत बसवण्यात आली आणि त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. जहाज तासन्‌तास एकाच गतीने चालते. टर्बोला तेच मानवते. रस्त्यावरील गाडी मात्र थांबते, निघते, पुन्हा थांबते. पाय दाबल्यावर आधी वायूंचा झोत वाढायचा, मग चाक वेग घ्यायचे आणि त्यानंतर ताकद यायची. या विलंबालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात. टर्बोला मोटारीत येण्यास इतकी वर्षे लागली, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

८/
१९६२ साली अमेरिकेत ‘ओल्ड्समोबील जेटफायर’ आणि ‘शेव्हरोले कॉर्व्हेर’ या दोन मोटारी टर्बोसह बाजारात आल्या. पेट्रोल इंजिनात आणखी एक अडचण होती. दाबलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकते आणि इंजिन ठोके मारू लागते. ते टाळण्यासाठी जेटफायरमध्ये पाणी व मेथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. गाडीचे मालक ती टाकी भरण्यास विसरत. १९६३ नंतर हे मॉडेल बंद झाले. डिझेल इंजिनात आधी केवळ हवाच दाबली जाते आणि इंधन शेवटच्या क्षणी फवारले जाते. त्यामुळे तेथे ही अडचण नाही. डिझेल आणि टर्बो यांची जोडी जमली, ती या कारणाने.

९/
ही जोडी मोटारींत रुजण्यासही कायदाच निमित्त ठरला. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने मोटार कंपन्यांवर सरासरी इंधनवापराचे बंधन घातले. ते १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झाले आणि त्याच वर्षी मर्सिडीजने अमेरिकी बाजारासाठी ३०० एसडी ही टर्बो डिझेल मोटार आणली. युद्ध, तेलटंचाई, कायदा: टर्बोच्या प्रत्येक पावलामागे बाहेरून आलेली एखादी निकड दिसते. हेच सूत्र मराठवाड्यातही पुढे दिसणार होते.

१०/
आता हट्ट्याकडे वळू. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १९३२ साली रेल्वेखात्यामार्फत २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. भारतातील सरकारी बससेवेचा तो आरंभकाळ होय. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि त्याच्या रस्त्यांवर एसटी धावू लागली. त्या काळातील बस असो, मालमोटार असो की जीप, तिचे इंजिन साधेच असे. मोठी ताकद हवी असेल तर मोठे इंजिन, एवढाच तेव्हाचा हिशेब होता.

११/
शेतातही तेच होते. शंतनुराव किर्लोस्कर यांनी १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली आणि पुढील काळात एका सिलिंडरचे डिझेल इंजिन महाराष्ट्रातील विहिरींवर पोहोचले. वीज पोहोचण्याआधी त्याच इंजिनाने मोटेची जागा घेतली. हँडल मारून सुरू करता येणारे, चिखलात उभे राहणारे आणि साध्या पाना-पक्कडीने खोलता येणारे हे यंत्र होते. ट्रॅक्टरचे इंजिनही याच कुळातले. ज्या मिस्त्रीने विहिरीवरचे इंजिन जोडले, त्यालाच ट्रॅक्टर आणि जीप कळे. साध्या इंजिनाचा हा गुण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. त्याचे ज्ञान गावात राहू शकते.

१२/
या परिसरात टर्बो प्रथम आला तो बहुधा रुळांवरून. पूर्णा–हिंगोली–अकोला या मीटरगेज मार्गावर वसमत हे स्थानक आहे. वाफेच्या इंजिनांनंतर देशभरातील मीटरगेजवर वायडीएम-४ या जातीची डिझेल इंजिने आली. त्यांत सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन असे आणि शक्ती सुमारे १,३५० अश्वशक्ती. गाडी स्थानकातून हलताना या इंजिनाच्या माथ्यावरून काळ्या धुराचा लोट उठे. इंधन वाढलेले असे, पण टर्बोचे चाक अजून वेग घेत असे. हवा कमी पडलेले डिझेल काजळी होऊन बाहेर येई. काही क्षणांत शिट्टीसारखा आवाज चढे आणि धूर विरे. टर्बो लॅग याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल. २००८ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला.

१३/
रस्त्यावर मात्र ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत काळी-पिवळी जीपचे राज्य होते. महिंद्राच्या जीपगाड्यांत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे साधे डिझेल इंजिन असे. त्यातील एक प्रसिद्ध इंजिन २,११२ घनसेंटीमीटरचे. एसटी चुकलेल्या गावकऱ्याचा, बाजाराला निघालेल्या बाईचा आणि परीक्षेला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवास याच जीपवर चाले. माणसे टपापर्यंत भरली की गाडीचा दम कमी पडे. तेव्हा एक सोपा उपाय केला जाई: डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवायचे. ताकद थोडी वाढे. हवा मात्र तेवढीच राही. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन मागच्या सायकलस्वाराच्या छातीत जाई.

१४/
दोन्ही पद्धतींची उत्तम तुलना पुण्यातच झाली. टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, सुमो १९९४ साली आली. तिचे डिझेल इंजिन १,९४८ घनसेंटीमीटरचे व साधे होते आणि शक्ती साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या घरात होती. १९९८ साली सफारी आली. इंजिनाचे आकारमान तेच, १,९४८ घनसेंटीमीटर. पण त्यावर टर्बो होता आणि शक्ती नव्वदीच्या आसपास गेली. सिलिंडर तेवढेच असताना साधारण चाळीस टक्के अधिक दम मिळाला, तो केवळ जास्त हवेमुळे.

१५/
तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९९८ मध्ये, आलेल्या इंडिकाला टाटांनी साधेच डिझेल इंजिन दिले: १,४०५ घनसेंटीमीटर, शक्ती पन्नासहून किंचित अधिक. यामागे व्यवहार होता. ती गाडी स्वस्त हवी होती, तिचे अ‍ॅव्हरेज चांगले हवे होते आणि ती तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त व्हायला हवी होती. पिकअप मंद असूनही भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांनी इंडिका डिझेल पसंत केली. १९९८ साली टर्बो ही मोठ्या गाडीची चैन होती आणि साधे इंजिन ही सामान्यांची गरज.

१६/
चार महिन्यांनी तो आदेश आला. राजधानी परिसरातील खासगी मोटारींसाठी १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ही धूरमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने घातली. दिल्लीपुरता असलेला हा निर्णय देशाचे धोरण होत गेला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने इंधन व धूरमर्यादांचा आराखडा दिला आणि २००३ मध्ये त्यावरून वाहन इंधन धोरण ठरले. देशभरासाठी भारत स्टेज-२ ची मर्यादा २००५ मध्ये, स्टेज-३ ची २०१० मध्ये, स्टेज-४ ची २०१७ मध्ये लागू झाली. स्टेज-५ वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट स्टेज-६ आले. नमुन्यांची तपासणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक पुण्यातील एआरएआय; तिची स्थापना १९६६ ची.

१७/
धूरमर्यादेत टर्बोचे नाव कुठेही नव्हते. पण काजळी कमी करायची तर तेवढ्याच इंधनाला अधिक हवा हवी, आणि ती देण्याचा व्यवहार्य मार्ग टर्बो हाच होता. मालमोटारींच्या तोंडावर ‘टर्बो’ ही अक्षरे दिसू लागली. २००२ साली नाशिकहून निघालेली महिंद्राची स्कॉर्पिओ टर्बो डिझेलसहच आली: २.६ लिटर, १०९ अश्वशक्ती. इंडिकाचे पुढचे टर्बो डिझेल रूप साधारण तेवढ्याच आकारमानात सुमारे ७० अश्वशक्ती देऊ लागले. पंपाचा स्क्रू फिरवून दम वाढवण्याचे दिवस सरले; इंधन किती द्यायचे हे संगणक ठरवू लागला.

१८/
धुरानंतर कराने हात घातला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि पेट्रोलसाठी १,२००, डिझेलसाठी १,५०० घनसेंटीमीटरच्या आतील इंजिनांच्या मोटारींना उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळाली. इंजिन मोठे करण्याची वाट आता करामुळे महाग झाली. लहान इंजिनातून मोठे काम काढणे भाग पडले. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली परिसरात २,००० घनसेंटीमीटर व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींच्या नोंदणीस न्यायालयाने तात्पुरती मनाई केली. पुढच्याच महिन्यात महिंद्राने १.९९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन आणले. मर्यादेच्या अगदी आत बसणारा तो आकडा कोणत्या निकडीतून आला, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

१९/
आज पेट्रोल मोटारींतही तीच तुलना दिसते. टाटांची टियागो २०१६ साली १,१९९ घनसेंटीमीटरच्या साध्या इंजिनासह आली. शक्ती ८५ अश्वशक्तीच्या घरात. २०१७ ची नेक्सॉन तेवढ्याच आकारमानाच्या टर्बो इंजिनासह आली; शक्ती ११०. खरा फरक ओढण्याच्या जोरात आहे. साध्या इंजिनाचा पूर्ण जोर मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. टर्बोचा त्याहून बराच मोठा जोर पावणेदोन हजारांपासूनच सुरू होतो. चढावर वा ओव्हरटेक करताना गियर कमी बदलावा लागतो, तो यामुळे. उलट शहरात वारंवार जोरात पाय दाबला तर हेच टर्बो पेट्रोल इंजिन इंधनही सढळ हाताने पिते.

२०/
या पालटाची किंमत कोणी मोजली? टर्बोचे बेअरिंग तेलावर जगते. तेल वेळेवर बदलले नाही, चुकीचे वापरले, किंवा दूरवर वेगाने चालवून गाडी थांबताच इंजिन बंद केले, तर तप्त चाकाजवळ तेल करपते आणि दांडा घासू लागतो. असा टर्बो बहुधा संपूर्ण बदलावाच लागतो. पूर्वी आवाजावरून दोष ओळखणाऱ्या मिस्त्रीला आता सेन्सर वाचणारे स्कॅनर लागते. ज्याने ते शिकून घेतले तो टिकला. इतरांच्या हाती जुने ट्रॅक्टर आणि दुचाकी उरल्या. स्टेज-६ नंतर धूर गाळणाऱ्या यंत्रणेचा खर्च इतका वाढला की लहान डिझेल मोटारी बाजारातूनच जवळजवळ नाहीशा झाल्या.

२१/
म्हणून साधे इंजिन इतिहासजमा झाले असे समजू नये. लहान पेट्रोल आणि सीएनजी मोटारींत आजही तेच मोठ्या संख्येने आहे. कमी भाग, कमी उष्णता, कमी खर्च ही त्याची कारणे. हायब्रिड मोटारींत तर त्याला नवे आयुष्य मिळाले: सुरुवातीचा जोर विजेची मोटर देते आणि इंजिन निवांत, किफायती गतीने चालते. शर्यतीच्या जगातही असेच हेलकावे दिसतात. फॉर्म्युला वनमध्ये रेनॉने १९७७ साली टर्बो आणला, १९८९ पासून नियमांनी तो बंद केला आणि २०१४ साली नियमांनीच तो परत आणला.

२२/
‘साधे चांगले की टर्बो?’ हा प्रश्न मोटारप्रेमींत नेहमी रंगतो. इतिहास त्याचे उत्तर प्रत्येक वेळी परिस्थितीकडे बोट दाखवून देतो. विमानाला उंचीने, मोटारीला तेलटंचाईने आणि भारतीय डिझेलला धुराच्या कायद्याने टर्बो दिला. विहिरीवरच्या इंजिनाला साधेपणा दिला तो शेतकऱ्याच्या खिशाने आणि गावातल्या मिस्त्रीच्या हाताने.

२३/
वसमत परिसरात आजही हळद आणि ऊस पिकतो आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर रस्त्याने निघतात. त्याच रस्त्यावर त्यांना मागे टाकून जाणारी मोटार टर्बोची असू शकते. एकाच डांबरावर ब्यूखीची १९०५ ची कल्पना आणि तिच्याही आधीची साधी पद्धत शेजारी-शेजारी धावते. एका इंजिनाचा दम वाढला, तेव्हा रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या छातीत जाणारा धूर घटावा, हा त्या १९९९ च्या आदेशाचा हेतू होता. गाडीची ताकद मोजताना हट्ट्याच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या त्या माणसाचा श्वासही हिशेबात धरायला हवा.

(समाप्त)